सुलभाताई, माझे दात आणि साखरपुड्याचा ब्लाउज

माझ्या तोंडात आज एकोणतीस दात आहेत ते सुलभाताईंमुळे. उरलेले तीन नाहीत ते माझ्यामुळे.

सुलभाताई म्हणजे रत्नागिरीत आमच्या दुकानाच्या वर दातांचा दवाखाना आहे, तिथल्या मदतनीस. गेली बावीस वर्षं त्या डॉक्टरांच्या हातात चिमटे देतात आणि पेशंटला धीर. मी खाली शिवणकाम करतो. गाव माझं बार्शीकडचं, इथून एक दिवसाच्या वाटेवर. आठवीत शाळा सोडून मशीनवर बसलो, तो बसत बसत समुद्रापर्यंत आलो. इथं मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. (आमच्या शाळेतल्या मास्तरांनी ऐकलं तर त्यांना चक्कर येईल!)

बसून बसून वजन झालं एकशे सव्वीस किलो. माझ्या एका पँटच्या कापडात शाळेतल्या तीन पोरांचे गणवेश निघाले असते. साखर वाढली, जिना चढताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. शेवटी कोल्हापूरला ऑपरेशन करून पोटच लहान करून घेतलं. (आमच्या धंद्यात याला ‘अल्टर करणं’ म्हणतात.)

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी चार कागद दिले. इंग्रजीत. पुष्कळ काही समजावून सांगितलं आणि विचारलं, “समजलं ना?”

मी म्हणालो, “हो, डॉक्टर.”

हा ‘हो’ माझा जुना आहे. गणिताच्या तासालाही मी हाच म्हणायचो. कागद मापांच्या वहीत घडी घालून ठेवले. डोक्यात राहिलं ते एवढंच : थोडं थोडं खायचं, आणि दिवसभर घोट घोट प्यायचं.

प्यायचं काय, हे मात्र राहिलं नाही! नुसतं पाणी घशाखाली उतरेना. बायको मंगलनं कोकम सरबत करून दिलं. बरं वाटलं. मास्तरला सरबत सोसतंय ही बातमी आळीत पसरली आणि घराघरातून बाटल्या यायला लागल्या. एकीच्या घरचं घेतलं आणि दुसरीच्या घरचं नाही असं चालतंय होय? सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत, दर पाच मिनिटाला एक आंबटगोड घोट. वर्षभर!

खाण्याची तऱ्हा वेगळी. गिऱ्हाईक समोर उभं असलं की मी घास नुसता ढकलायचो. लहान केलेलं पोट ते ऐकतंय कुठं? दुकानामागच्या मोरीकडे धाव! मंगलला कळू नये म्हणून नळ मोठा सोडायचो आणि लगेच दात घासायचो. त्यात आईनं गावाकडून एसटीनं राखुंडी पाठवली होती. “दातं लोखंडावानी व्हतील बग!” फोनवर तिचा हुकूम. मी दिवसातून पाच-पाच वेळा खरवडत होतो. रत्नागिरीत माझ्याएवढा स्वच्छ तोंडाचा माणूस नसेल असा माझा समज होता.

राहिल्या कोल्हापूरहून दिलेल्या गोळ्या. एकेक कोटाच्या बटणाएवढी! त्या गिळवेनात, म्हणून मी बटणांच्या डब्यात टाकल्या. मंगल बटणं लावते. एका नवरदेवाच्या शेरवानीला ती कॅल्शियमची गोळी लावणारच होती. भोकं सापडली नाहीत म्हणून नवरदेव वाचला.

मग तो दिवस उजाडला. सुलभाताई लेकीच्या साखरपुड्यासाठी शिवायला टाकलेला स्वतःचा ब्लाउज न्यायला आल्या. मी शेवटचा हुक लावला आणि सवयीप्रमाणे दोरा दातात धरून तोडला.

टक्!

दोरा जसाच्या तसा. दात तुटला!

“काय वो मास्तर, काय पडलं?”

“काई न्हाई, ताई,” मी तोंडावर हात धरून म्हणालो, “बटन.”

“माझ्या ब्लाउजला बटणं कधी लावलीत? हुक सांगितले होते.”

त्यांनी ब्लाउज झटकला. बाहीतून माझा पुढचा दात टेबलावर येऊन पडला. दुसरी बाई किंचाळली असती. सुलभाताईंनी तो उचलला, उजेडाकडे धरला, उलटासुलटा केला आणि सराफानं सोनं पारखावं तशा म्हणाल्या, “हा नुसता किडलेला नाय. झिजलेला हाय. उलट्या होतात?”

“न्हाई.”

“मास्तर!”

“होतात.”

“मंगलला म्हायत हाय?”

आतून मंगल आली ती थेट रडायलाच लागली. “अवो, मला वाटायचं ह्यो मानूस सारखा आंघुळ करतुया!”

सुलभाताईंनी माझा दंड धरला आणि गळ्यात टेप लटकत असलेल्या मला जिन्यानं वर नेलं. डॉक्टरांनी तोंड बघितलं. मग म्हणाले, “मागच्या दोन दाढा जाणार. बाकीचे दात आत्ता सांभाळले नाहीत तर तेही जातील. दात गेले तर चावणार कसं? चावलं नाही तर उलटी, आणि उलटीनं राहिलेले दातही खलास. अंगात आधीच काही नाही तुमच्या.”

ऑपरेशन करून जीव वाचवला आणि आता समोर पिठलं असताना उपाशी मरायचं! मंगलचं काय होणार, दुकानाचं काय, सगळं त्या खुर्चीत आडवं पडून दिसायला लागलं.

“कोल्हापूरचे कागद कुठायत?” सुलभाताईंनी विचारलं.

मी वही आणली. मान खाली घातली. “ताई, मला इंग्रजी वाचता येत न्हाई.”

मला वाटलं, आता हसतील. त्या म्हणाल्या, “मला तरी कुठं येत होतं? दहावी नापास मी. औषधांच्या खोक्यांवर वाचून वाचून शिकले. बसा.”

दवाखाना बंद झाल्यावर माझ्या दुकानात त्यांनी कटिंगचा खाकी कागद पसरला आणि खडूनं एकेक ओळ मराठीत उतरवली. उलटी झाली तर लगेच दात घासायचे नाहीत. पोटातल्या आंबटानं दात मऊ पडलेले असतात. साध्या पाण्यानं चूळ भरायची, तासभर थांबायचं. राखुंडी बंद. दिवसभर पाणीच. सरबत बंद. आधी मासा, अंडं, मूग, मग बाकीचं. घास बारीक, पंचवीस वेळा चावायचा. मग कोल्हापूरला फोन लावून “उलट्या लपवल्यात ह्यांनी, तपासणीला कधी आणू?” असं माझ्यादेखत विचारलं. गोळ्यांची पूडही तिथं विचारूनच करायला लावली. बाटल्या आणणाऱ्या आळीतल्या बायकांना तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं, आणि एकही बाई रागावली नाही. ही कला मला जन्मात जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या डबा घेऊन हजर! शिजवलेली मुडदुशी, काटे काढून. आम्ही बार्शीकडचे, माशापेक्षा मला काट्याचीच ओळख जास्त. त्या समोर स्टुलावर बसल्या आणि मोजायला लागल्या. “एक… दोन… तीन… गिळू नका! चार…”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक शर्टाचं माप द्यायला आलं. तोंडात घास असल्यामुळे मी खुणेनंच बाही मोजली. इकडे सुलभाताई : “नऊ… दहा…” गिऱ्हाइकालाही मजा वाटली, तोही मोजायला लागला. “अकरा! बारा!” मी वहीत आकडा लिहिला, घास गिळला, सगळ्यांना हायसं वाटलं.

आठ दिवसांनी तो माणूस शर्ट न्यायला आला. पूर्ण बाही हवी होती त्याला. वहीत लिहिलेलं होतं : बाही, बारा इंच.

“मास्तर,” तो म्हणाला, “पंचवीसपर्यंत थांबायचं होतंत की!”

दीड महिना त्या रोज आल्या. वरची जेवणाची सुट्टी माझ्यापायी घालवून, स्वतःचा डबा माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर गार करत. उलट्या थांबल्या. जिना मी आता शिट्टीशिवाय चढतो. पुढचा दात बसवलेला आहे, पण हसल्यावर कळत नाही. परवा डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, “बाकीचे टिकतील आता.” मंगल परत रडली.

मी भारावून गेलो. हात जोडले. “ताई, तुमचे उपकार मी एक दिवस फेडणार!”

“फेडा हो. कसे?”

आता हे काही मी ठरवलं नव्हतं. घाबरलो की माझं तोंड माझ्या आधी धावतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “तुमचं हे वजन कमी करायचं ऑपरेशन होईल ना, तेव्हा मी रोज समोर बसून घास मोजीन!”

सुलभाताईंचं वजन छत्रीसकट पंचेचाळीस किलो असेल. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी भिंतीकडे.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “आ मोठा केलात तेवढा बस झाला. आता मिटा.”

मिटला. पण शब्द दिलाय तो दिलाय, सुलभाताई. एक दिवस फेडणारच. कसं ते मात्र तुम्हीच सांगा. मी नुसतं ‘हो’ म्हणेन, आणि या वेळी आधी समजून घेईन.