कुठे टोचतंय?

पेर्ला गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसायची, बुटाच्या टोकावर अंगठा दाबायची आणि विचारायची, "कुठे टोचतंय?" 'टोचतंय का' असं कधीच नाही. "टोचतंय का विचारलं की बाया भिडेखातर नाही म्हणतात," ती मला सांगायची, "आणि मग महिनाभर लंगडतात." इलोइलो शहराच्या जुन्या बाजारपेठेतल्या आमच्या बुटांच्या दुकानात तिचं अर्धं आयुष्य गेलं. दिवसभर उभं राहणाऱ्या नर्सा, मास्तरणी, बँकेतल्या पोरी तिलाच शोधत यायच्या. सकाळी आल्या तर ती त्यांना सरळ परत पाठवायची. "संध्याकाळी या, पाय फुगल्यावर. सकाळचा पाय खोटं बोलतो." मालक कपाळाला हात लावायचे, पण त्या बाया संध्याकाळी खरंच यायच्या.

आणि विकणाऱ्या आम्ही? आम्हाला टाचेचे काळे बूट, आणि टेकायला साधं स्टूल नाही. उभी असलेली बाई गिऱ्हाइकाला बरी दिसते म्हणे. त्या टाचांवर मालकांनी एक दिवस उभं राहून दाखवावं, असं मी रोज मनात म्हणायची आणि तोंडाने "हो सर" म्हणायची.

पेर्लाची मुलगी जोवी माझी धर्मलेक, मला निनांग म्हणते. बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातात धरलं होतं, त्यामुळे त्या घरातलं माझ्यापासून काही लपलेलं नाही. पेर्लाच्या आईला साखरेचा आजार होता. मासळीबाजारात म्हातारी दिवसभर चपलेत घुसलेल्या खिळ्यावर चालली आणि तिला कळलंसुद्धा नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं, आणि शेवटी म्हातारी. आमच्याकडे मेलेल्याला बूट घालून पुरत नाहीत, नाहीतर घरात पावलं वाजतात. म्हातारीचा उरलेला एक पाय अनवाणीच पुरला. तरी पेर्ला म्हणायची, "सोली, स्वयंपाकघरात कधीकधी पाऊल वाजतं गं. एकच."

तिला स्वतःला साखर निघाली तेव्हापासून ती रोज सकाळी बूट उलटे करून आपटायची, आत बोटं फिरवायची आणि मगच पाय घालायची. "काय गं, विंचू पाळलेत का?" मी चिडवायची. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही खिदळणारी पेर्ला तेव्हा हसायची नाही.

यंदा मात्र एक नवीनच सुरू झालं. दुकान बंद करताना आम्ही सगळ्या आई गं, बाई गं करत टाचा काढायचो, आणि पेर्ला म्हणायची, "माझे नाही हो दुखत आता. सवय झाली." पोरी म्हणाल्या, नशीबवान आहेस. इतक्या वर्षांत न झालेली सवय आत्ताच कशी झाली?

"चल डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"आईला नेलं तेव्हा त्यांनी कापलंच."

"तुझं कोण कापतंय? नुसतं दाखवायचंय."

"नाताळ होऊ दे, सोली." असं म्हणून तिने खोकी रचायला घेतली.

नाताळाच्या गर्दीतल्या एका शनिवारी ती नवे बूट घालून आली. काळे, सपाट, मऊ तळाचे. जोवीने घेतलेले. जोवीची रात्रपाळी असते, म्हणून जाताना खोकं टेबलावर ठेवून गेली होती. मालकांनी टाच नाही हे पाहिलं आणि तोंड उघडलं. "डॉक्टरांनी सांगितलंय," मी ठोकून दिलं. ते निघून गेले.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"पायात काही घातलंय असं वाटतच नाही!" तिने एक गिरकी घेतली.

"आपटून घातलेस ना?"

"खोक्यातले कोरे बूट, त्यात काय असणार? तूच आता विंचू शोधायला लागलीस!"

दिवसभर पाठ टेकायला मिळाली नाही. संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर पोरी घरी गेल्या आणि पेर्लाने उजवा बूट काढला. आतून एक पेसो पडला, फरशीवर घरंगळला आणि बाकाखाली जाऊन आडवा झाला.

आमच्याकडे बूट भेट देत नाहीत. दिले तर घेणारा देणाऱ्यापासून लांब चालत जातो म्हणतात. म्हणून घेणाऱ्याने पेसोभर का होईना पैसे द्यायचे, म्हणजे ते विकत घेतलेले होतात.

"हा कुठला?" पेर्ला म्हणाली. "मी तर पेसो दिलाय. माझ्या पाकिटातला. बाळ येशूपुढे ठेवलाय, जोवी उठली की घेईल."

मी जोवीला फोन लावला. ती झोपेतच होती. "मीच टाकला होता बुटात, निनांग. आईकडे सकाळी सुट्टे नसतात ना. काढून ठेवलाय तिने, पाहिला मी मूर्तीपुढे. बूट आवडले का?"

"खूप," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पेर्लाचा काळा मोजा अंगठ्याजवळ ओला दिसत होता. मी हात लावला, बोटं लाल झाली. कापड ओलं करून आणायला उठले तर ती ओरडली, "पाणी नको! पाय तापलेत, शिरा फुगतील!" मलाही लहानपणापासून हेच शिकवलेलं, तरी मी पाणी आणलं. अंगठ्याखाली नाण्याच्या कडेचा अर्धा गोल उमटला होता, खोल. मी पुसत होते. तिने एकदाही स्स केलं नाही.

"एका पायाचं असेल," ती हळूच म्हणाली. "आईचंसुद्धा एकाच पायापासून सुरू झालं. डावा चांगला असेल ना, सोली?"

मी तिला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं, डावा बूट आणि मोजा काढला, आणि ती रोज बसते तशी तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. तो पाय स्वच्छ होता. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"डोळे मीट. मी दाबते, तू सांग," मी म्हटलं. "कुठे टोचतंय?"

तिने डोळे घट्ट मिटले आणि कान देऊन थांबली. थांबूनच राहिली.

"अगं, दाब ना," ती म्हणाली.

माझं नख केव्हाचं तिच्या अंगठ्यात रुतलेलं होतं.