कच्चे रोडगे

धरमपेठेतल्या मोटरसायकल मंडळाच्या चौदा गाड्या होत्या आणि चौदाही चालत होत्या. याचं श्रेय मंडळी आपल्या हाताच्या गुणाला देत. नाल्याकाठच्या टिनाच्या शेडमध्ये रुपराव नगराळे बारा वर्षं त्या गाड्या उघडत होता, मिटत होता. चौकात वळणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तो आतूनच सांगे, "डॉक्टरसाहेब आले. क्लच जाळून राहिले ते."

दरवर्षी फाल्गुनात पळस फुलला की मंडळ जबलपूर रोडनं देवलापारच्या अमराईत गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खायला निघे. रुपरावही जाई, कोणाच्या तरी मागच्या सीटवर, मांडीवर पान्यांची पिशवी घेऊन. पिशवी न्यायची तर ती धरायला माणूस लागतोच.

बहात्तर साली मात्र तो स्वतःच्या गाडीवर निघाला. कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेलं भंगार त्यानं तीन पोत्यांत भरून आणलं होतं आणि दोन वर्षं खपून त्याची मोटरसायकल उभी केली होती. आता त्याला सभासद व्हायचं होतं. नियम सोपा होता. नव्या माणसानं स्वतःच्या गाडीवर, पंगत बसायच्या आत अमराईत पोचायचं, पंगतीला पहिला रोडगा आपल्या हातानं वाढायचा आणि मग सगळ्यांसोबत जेवायला बसायचं. असे आजवर एक बँक मॅनेजर आणि दोन प्रोफेसर सभासद झाले होते. रुपरावनं नाव दिलं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला माणूस वाढायला उभा राहणार, यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. मंडळी सुशिक्षित होती. फक्त दोघांना त्या रविवारी अचानक कामं निघाली.

मागच्या सीटवर त्याची बायको प्रेमिला नवं पातळ नेसून बसली होती.

"पाडान तं नाही नं जी?"

"पकडून बस वं. उडतं इमान नाही हे."

मनसर मागे पडलं. पळसांवर पान नव्हतं, नुसता केशरी रंग. मोहाखाली फुलांचा सडा पडायला लागला होता. इथेच मंडळाचे अध्यक्ष, मधुसूदनराव वकील, यांची गाडी ठसकली आणि थांबली. नियमाप्रमाणे मंडळाच्या बाकीच्या अकरा गाड्याही थांबल्या, आणि अकरा जणांनी घड्याळं पाहिली.

रुपरावची एक पद्धत होती. गाडी ठसकली की पहिल्यांदा ठिणगीचे पॉइंट पुसायचे, मग तोंड उघडायचं. त्या दिवशी त्यानं तोंड आधी उघडलं. "कंडेन्सर गेला साहेब." कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा पार्ट, तो गेला की ठिणगी मरते. पिशवीत जास्तीचा नव्हता.

"मग आता गा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

वकिलांची आणि रुपरावची गाडी एकाच बनावटीची होती. "माह्यावाला लावून देतो," रुपराव म्हणाला. प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं, पण चारचौघांत ती बोलली नाही. आपल्या गाडीतला पार्ट काढून त्यानं वकिलांच्या गाडीत बसवला, आणि बसवता बसवता सवयीनं शर्टाच्या टोकानं पॉइंटही पुसले. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"वा! रुपराव आहे म्हणून मंडळ आहे," वकीलसाहेब म्हणाले. "तू सावलीत बस. देवलापारहून पार्ट घेऊन माणूस पाठवतो. अर्ध्या घंट्यात."

गाड्या गेल्या. धूळ खाली बसली.

"काहून देल्ला जी?"

"अध्यक्ष हायेत ते."

"अन् तुमी?"

"मी आज सभासद होऊन राहिलो."

"झाडाखाली बसून?"

साडेदहाचे बारा वाजले. दोन ट्रक गेले, एक एस.टी. गेली, मोटरसायकल आली नाही. जेवण तिकडेच होतं, म्हणून प्रेमिलानं सोबत काही बांधून आणलं नव्हतं. रिकामा हात स्वस्थ बसेना म्हणून रुपरावनं वकिलांचा गेलेला कंडेन्सर उचलला आणि आपल्या गाडीत बसवून पाहिला. किक मारली. गाडी सुरू झाली. त्यानं ती बंद केली, पुन्हा किक मारली. पुन्हा सुरू झाली.

"झाली नं चालू! चाला लवकर!" प्रेमिला पदर खोचत उठली. मग तिनं त्याचं तोंड पाहिलं. "आता काय झालं?"

"चांगला होता वं हा. साहेबाच्या पॉइंटावर मळ होता नुसता. फुकलं असतं तरी निघाला असता."

"मंग?"

"मंग काही नाही. बस."

अमराईत ते पाऊण वाजता पोचले. पंगत दरवर्षी दीडला बसायची. गोवऱ्यांवर रोडगे भाजायला वेळ लागतो आणि घाई त्यांना चालत नाही. या वर्षी पंगत सव्वाबारालाच बसली होती आणि आता उठतही होती.

"अरे, आलास? माणूस पाठवणारच होतो," वकीलसाहेब हात पुसत म्हणाले. "पार्ट कुठून मिळाला?"

"फौजी ट्रकवाला भेटला साहेब. त्यानं देल्ला."

"नशीबवान आहेस. जरा आधी भेटायला हवा होता. पण नियम म्हणजे नियम. पुढल्या साली."

"साहेब, तुमीच तं त्यायचा पार्ट..." प्रेमिला पुढे झाली.

"तू चूप बस वं," रुपराव म्हणाला.

भांडायला जागा भरपूर होती. पार्ट कोणाचा गेला, माणूस का आला नाही, पंगत तासभर आधी कोणी बसवली. पण भांडण वकिलाशी होतं, आणि वकील पहिला प्रश्न पार्टचाच विचारणार होता. मग चौदा गाड्यांच्या मालकांना कळलं असतं, की रुपराव नगराळेला मळ आणि बिघाड यातला फरक कळत नाही. सभासद होणं राहिलं तर राहिलं; मेकॅनिक असणं तरी त्याला घरी न्यायचं होतं.

"तिकडे दोघांचं काढून ठेवलं आहे," डॉक्टरसाहेबांनी पलीकडचं झाड दाखवलं. तिथे दोन पत्रावळी होत्या. प्रेमिलानं रोडगा फोडला. आत ओली कणीक होती. तिनं उठलेल्या पंगतीकडे पाहिलं. बाराही पत्रावळींवर अर्धे रोडगे तसेच पडले होते, आतून पांढरे, बोटांना चिकटतील असे.

"कच्चे हायेत जी. समद्यायचे."

"आज जरा घाई झाली," डॉक्टरसाहेब म्हणाले.

रुपरावनं घास तोडला आणि खाल्ला. दुसरा तोडला.

प्रेमिलानं त्याच्यापुढची पत्रावळ ओढून घेतली, विझत आलेल्या गोवऱ्यांपाशी जाऊन बसली, फुंकर मारून विस्तव जागा केला आणि रोडगे राखेत सारले. मंडळी टोप्या घालून गाड्यांवर बसली. मेकॅनिकला मागे ठेवून परतीच्या रस्त्याला लागायची कोणाची छाती नव्हती.

"किती वेळ बाई?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"पाऊन घंटा."

"अगं, घरी पोचायला संध्याकाळ होईल."

"कच्चं पचत नाही जी मले."

रुपराव खाली मान घालून बसला होता. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी सुरू होता होता बंद पडली. सगळ्यांनी रुपरावकडे पाहिलं. तो उठला, पान्यांची पिशवी घेतली आणि तिकडे गेला.

प्रेमिलानं काडीनं रोडगे उलटवले.