दलदलीतल्या राक्षसाची तलवार

दलदलीत राहणाऱ्या राक्षसाने तलवार वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. ती गंजते. हे मत मी माझ्याजवळच ठेवलं असतं, तर २००५ सालचा तो शनिवार कॅलिफोर्नियाच्या फ्रीमाँटमधल्या इतर शनिवारांसारखाच कपडे धुण्यात निघून गेला असता.

आमची ऋचा तेव्हा बारा वर्षांची होती. तिला आणि तिच्या तीन मैत्रिणींना एका खेळाचं वेड लागलं होतं. कागद, पेन्सिल, चित्रविचित्र आकाराचे फासे आणि बाकी सगळं मनात. मैत्रिणी शूर वीर होऊन गुहेत शिरायच्या, ऋचा गोष्ट सांगायची आणि वाटेत राक्षस उभे करायची. एकदा मी सहज तिची वही पाहिली. बावीस राक्षस, आणि बावीसच्या बावीस जणांच्या हातात तलवार.

"अगं, आठ पायांच्या राक्षसाला तलवार कशाला? तो जाळं टाकेल," मी म्हणालो.

"बाबा, इट्स जस्ट अ मॉन्स्टर."

"म्हणून काय झालं? शस्त्र बघून तो कोण, कुठे राहतो, काय खातो, हे कळलं पाहिजे."

(ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं ही माझी नोकरी. घरी मी तेच हौसेने करतो.)

झालं. पुढचे दहा दिवस मी त्या राक्षसांना वाहिले. कम्प्युटरवर सगळ्यांची यादी केली आणि ऋचासाठी प्रत्येकाचं एकेक कार्ड बनवलं. दलदलीतल्याला मासे मारायचा भाला दिला. खाणीतल्या बुटक्यांना कुदळी दिल्या. शेतकऱ्यांची भुतं होती, त्यांना विळे. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी गंभीर चेहऱ्याने वहीत काहीतरी लिहीत असे आणि मॅनेजरला वाटे, काय हा माणूस मन लावून ऐकतो. मी तेव्हा बर्फातल्या राक्षसिणीला बर्फ फोडायचा टोचा द्यावा की नाही, या विवंचनेत असे.

बाविसावा होता 'गुहेतला म्हातारा'. त्याला काय द्यावं ते सुचेना.

त्याच सुमारास आमच्याकडे माझे सासरे आले होते. अण्णा. नागपूरला चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आलेले. स्वभावाने सज्जन, फक्त मी फ्रीवेवर गाडी चालवताना शेजारी बसून "सुधीरराव, पुढचा थांबतोय बरं का," असं दर अर्ध्या मिनिटाला सांगत. आणि रोज सकाळी तळ्याकाठी फिरायला जाताना छत्री नेत. कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्यात! इथे मेपासून ऑक्टोबरपर्यंत आभाळातून थेंब पडत नाही, हे मी त्यांना हवामानाच्या साइटवर दाखवलं होतं. ते "असं का," म्हणाले आणि छत्री घेऊन गेले. त्या छत्रीच्या टोकाने ते मला गवतातले तण दाखवत, गाडीचं कमी हवा असलेलं चाक दाखवत.

मला एकदम शस्त्र सुचलं.

'गुहेतला म्हातारा. शस्त्र: मिटलेली छत्री. हल्ला: टोचणे. विशेष शक्ती: सल्ला. जो ऐकेल त्याची एक खेळी बुडते.'

ऋचाने कार्ड वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबा, धिस इज आजोबा."

"छे. हा कुठलाही म्हातारा आहे."

"विथ ॲन अंब्रेला?"

"वाच आणि ठेव."

शनिवारी दुपारी मुली जमल्या आणि ऋचाचा नेमका घसा बसला. ती अण्णांना म्हणाली, "आजोबा, यू डू द व्हॉइसेस." अण्णा खूश झाले. निवृत्तीनंतर पुन्हा वर्ग मिळाला होता. मी स्वयंपाकघरात भजी तळत होतो. बाहेरून दलदलीतला राक्षस शुद्ध मराठी उच्चारांच्या इंग्रजीत गरजला तेव्हा मला हसू आलं. आणि मग कढईत घाणा सोडता सोडता लक्षात आलं, की कार्डं एकापाठोपाठ एक त्यांच्या हातात जाणार आहेत. बाविसावंसुद्धा.

मी भज्यांची ताटली घेऊन धावलो, ती गठ्ठ्यावरच ठेवली, आणि उचलताना गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं कार्ड खिशात घातलं. शर्टाला तेलाचा डाग पडला, पण म्हातारा खिशात होता.

पंधरा मिनिटांनी ऋचा बसक्या आवाजात म्हणाली, "वन कार्ड इज मिसिंग!" मुली टेबलाखाली शोधायला लागल्या. मीही शोधलं. (होय, मीही. गुडघ्यांवर रांगत.) मुलींना न्यायला आलेल्या शैलाताई आणि त्यांचे मिस्टर, तेही शोधायला लागले.

"असू दे गं, एकवीस पुरे झाले," मी म्हणालो.

"नो प्रॉब्लेम," ऋचा म्हणाली. "बाबांच्या कम्प्युटरवर सगळी लिस्ट आहे." आणि ती वर जाऊन प्रिंट काढून आली.

कार्डावर नसलेली एक गोष्ट त्या लिस्टमध्ये होती. शेरा नावाचा रकाना. तो मी स्वतःच्या करमणुकीसाठी मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहिला होता.

अण्णांनी चष्मा सारखा केला. छत्री, टोचणे, सल्ला, सगळं खणखणीत आवाजात वाचलं. मग शेऱ्यावर आले. "स-त-त टोचत राहतो. वाद घालू नये, हो म्हणावं. चहा दिल्यावर तेवढ्यापुरता शांत होतो." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "सहा महिन्यांनी आपोआप जातो."

ऋचाच्या मैत्रिणींना काही कळलं नाही. शैलाताईंनी ताटलीतलं भजं उचलून त्याचं बारकाईने निरीक्षण सुरू केलं. माझी बायको मेधा जिन्यावर उभी होती.

अण्णा उठले, कोपऱ्यातली छत्री घेऊन आले आणि त्या तीन वीरांशी असे काही लढले, की तिघीही हरल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

पुढचे चार दिवस अण्णा काही बोलले नाहीत. गाडीत तर मुळीच नाही. मी एकदा चुकीच्या एक्झिटने उतरलो, तरी ते खिडकीबाहेर बघत राहिले. मेधा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. म्हणजे "मीठ" आणि "बाजूला हो". आणि छत्री कपाटात गेली होती. अण्णा रिकाम्या हातांनी फिरायला जात, आणि मी चहाचा कप घेऊन खिडकीतून ते बघत असे.

पाचव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो.

"अण्णा, तो गुहेतला म्हातारा मी तुमच्यावरून लिहिला होता. माझं चुकलं."

"ते मला कळलं होतं," अण्णा चालता चालता म्हणाले.

"मग तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तुम्ही कबूल केलं नव्हतं, तोवर मला कळलंच नाही असं दाखवता येत होतं. आता तुम्ही सांगितलंत. आता मला राग यायला पाहिजे."

"आला तरी चालेल."

"येईल. माझा सावकाश येतो."

आम्ही थोडं चाललो. मी विचारलं, "छत्री का नाही आणत?"

"ती कुत्र्यांसाठी होती. लहानपणी मला एक चावलं होतं. इथे तर ज्याच्या त्याच्या हातात साखळी. हातात काही असलं की धीर असतो."

"मग हे चार दिवस?"

"भीत भीत चाललो," अण्णा म्हणाले.

माणूस जमिनीत जाऊ शकत असता, तर त्या तळ्याकाठी आज माझी खूण असती. मी म्हणालो, "उद्यापासून रोज मी येतो. कुत्र्याच्या बाजूने मी चालेन." हे मी मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी छत्री अण्णांच्या हातात होती आणि मी त्यांच्या डावीकडे छाती काढून चालत होतो. समोरून एक बाई आल्या. त्यांच्याजवळ पांढरं, लोकरीच्या गुंड्याएवढं कुत्रं होतं. ते माझ्या बुटाजवळ येऊन एकदा भुंकलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की त्या बाई साखळी ओढत अण्णांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, तो काही करत नाही, त्यांना सांगा घाबरू नका.

'त्यांना' म्हणजे मला. मी अण्णांच्या मागे होतो.