चार बाय पाचची न्हाणी

लग्नघरात किस्से होतात हे मला ठाऊक होतं. पण चार बाय पाचची न्हाणी दुरुस्तीला काढली आणि इतके साठले, की आमच्या शाळेत चहा आला की कुणीतरी विचारतंच, "क्लार्कसाहेब, न्हाणी कुठवर आली?" एवढं विचारताय तर ऐकाच!

न्हाणी वडिलांनी बांधलेली. उखडलेली शहाबादी फरशी, पत्र्याचं दार, आणि दाराला कडी नाही. ती गंजून पडली त्याला पंधराएक वर्षं झाली असतील. मग घरात कायदाच झाला. बाहेर पाऊल वाजलं की आतल्याने बादलीवर मगा आपटायचा आणि ओरडायचं, "आत हाय!" मी, बायको सुनंदा, मुलगी, सगळे ओरडायचो. एकटी आई कधीच ओरडली नाही. घर जागं व्हायच्या आत तिची अंघोळ उरकलेली असायची. आम्ही म्हणायचो, आईला लवकर उठायची हौस!

गेल्या उन्हाळ्यात आई तिथंच घसरली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती अंघोळीला बसली की सुनंदा अर्ध्या उघड्या दारात उभी. आई लुगडं अंगावर तसंच ठेवून दोन तांबे घ्यायची आणि म्हणायची, "झालं." खिशाला झेपेल तेवढं, पण आईसाठी ही न्हाणी नीट करायची, असं मी ठरवलं.

* * *

गफूर मिस्त्री सेनगावहून माप घ्यायला आले. त्यांनी आत डोकं घातलं, मी मागोमाग शिरलो. दोघंही अडकलो!

"सर, तुमी बाहेर थांबा," ते म्हणाले. "दोघं आत राहिलो तर टेप कुठं उघडू?"

* * *

टाइल्स हिंगोलीहून आणल्या. अख्ख्या डिझाइनचा माल परवडेना, म्हणून दुकानात उरलेली खोकी घेतली. आमच्याकडच्या गोरेगावच्या जीपमध्ये एक खोकं माझ्या मांडीवर, दुसरं शेजारच्या पाहुण्याच्या. बिचाऱ्याने उतरेपर्यंत हूं की चूं केलं नाही. घरी उघडून पाहतो तर एका खोक्यात मासे, दुसऱ्यात द्राक्षं!

"न्हाणीत द्राक्षं काहून?" आई म्हणाली.

सुनंदाने तोड काढली, "मासे वर लावा, द्राक्षं खाली."

गफूरभाई गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वहिनी, मासे वर लावतो. पण मंग पानी बी तितं चढवा!"

* * *

काम चालू असताना आम्ही शेजारच्या गुरुजींकडे अंघोळीला जायचो. त्यांचं बाथरूम नवं, आतून चांगली कडी. तरी बाहेर चप्पल वाजली आणि सवयीने मी बादलीवर मगा आपटून ओरडलो, "आत हाय!"

बाहेरून गुरुजींचा शांत आवाज आला, "मला माहीत आहे. टॉवेल मीच दिलाय."

आई मात्र गुरुजींकडे गेली नाही. मागच्या अंगणात साडीचा आडोसा करून ती अंग पुसून घ्यायची.

* * *

आधाराला भिंतीत दांडा बसवायचा होता. दुकानातला चकचकीत दांडा महाग, म्हणून गफूरभाईंनी नळाचा उरलेला पाइप वाकवला. उंची किती ठेवायची यावर मी आणि सुनंदा भांडत होतो. गफूरभाईंनी माझ्याकडून शाळेतला खडू मागितला, त्याची पूड आईच्या तळहाताला फासली आणि तिला न्हाणीतल्या पाटावर बसवलं.

"आजी, आता उठा. हात जिथं जाईल तिथं जाऊ द्या."

आई उठली. भिंतीवर पांढरा पंजा उमटला. मग तिने हात मागे नेला आणि दारावर टेकवला. तिथंही पंजा!

"दारावर काहून, आजी?"

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती गफूरभाईंना म्हणाली, "कडी नव्हती ना, एक हात दारावरच राहायचा. म्हून सगळे उठायच्या आत न्हाऊन घेत होते."

इतकी वर्षं ज्याला आम्ही हौस म्हणत होतो, ती हौस नव्हती. मला फार लाज वाटली. तरीही मी म्हणालो, "गफूरभाई, कडी नको. परत पडली तर?"

गफूरभाईंनी फक्त मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

* * *

शेवटच्या दिवशी गफूरभाई अंगणात थापी धूत होते. पहिली अंघोळ आईची. सुनंदा सवयीने दारात उभी राहिली. आईने तिला हातानेच बाजूला केलं आणि दार ओढून घेतलं.

आतून आवाज आला. खट्!

मी धावलो. "आई! कडी काढ! पडलीस तर?"

मी गफूरभाईंकडे वळलो, "तुम्हाला नको म्हणालो होतो ना!"

"सर, फिकीर करू नका. फटीतून पट्टी घातली की बाहेरून उघडते," ते थापी पुसत म्हणाले. "पन उघडू नका."

मी पट्टी घेऊन दाराशी उभा राहिलो. आत पाणी पडत होतं. एक तांब्या, दुसरा, तिसरा, चौथा. मी मोजायचं सोडून दिलं. माझं पाऊल जरा वाजलं असावं.

आत बादलीवर मगा दणकन आपटला.

"आत हाय!" आई ओरडली.