दार लावून वाचक टिकवायचे

वाचक टिकवायचे कसे, हे शिकण्यासाठी मी वाचनालयाचं दार आतून लावून बसले होते. आता यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तुम्हीच सांगा.

आमचं वाचनालय पिरंगुटला, बाजाराच्या रस्त्यावर. तिथली मी एकटीच ग्रंथपाल. कुलूप उघडण्यापासून झाडू मारण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. एक दिवस कार्यवाह येऊन म्हणाले, "बाई, ऑनलाइन प्रशिक्षण करावंच लागेल. तुमचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्या वाचनालयाचा अनुदानाचा वर्ग वाढायचा नाही." तास कधी? तर ऐन बाजाराच्या दिवशी, दुपारी! घरून करावं म्हटलं, तर मी राहते मुठा खोऱ्यात. रेंज हवी असेल तर गच्चीच्या कठड्याला चिकटून उभं राहायचं. अशानं कसलं डोंबलाचं शिक्षण होणार?

मग वाचनालयातच बसले. पहिल्याच तासाला रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्यावरच्या मॅडमकडे बघून म्हणाले, "ह्या बाई कुटल्या म्हनायच्या?" झालं! पडद्यावर लाल पट्टी आली: दुसरी व्यक्ती आढळली, हजेरी रद्द. अहो, वाचनालयात माणसं आढळायची नाहीत तर काय म्हशी? रागारागात कार्यवाहांना फोन लावला. ते थंडपणे म्हणाले, "मग दार लावून घ्या ना."

दार लावायला माझं मन धजत नव्हतं ते एका बाईमुळे. जवळच्या वाडीतली, पन्नाशी उलटलेली. घरची शेती, भाड्यानं दिलेल्या खोल्या, सुना-नातवंडांनी भरलेलं घर. नातवंडांच्या पुस्तकांवरून ती चोरून वाचायला शिकली होती. बाजाराला आली की नवऱ्याची नजर चुकवून आत यायची, पुस्तक बदलायची आणि मेथीच्या जुडीखाली दडवून न्यायची. "कळलं तर समदी हसतील बाई," म्हणायची, "ह्या वयात नसती थेरं म्हनतील." तिला निरोप तरी कसा द्यायचा? घरातला फोन कुणीही उचलायचं. निरोप गेला की गुपित फुटलंच म्हणून समजा. शेवटी दाराला चिठ्ठी चिकटवली, थोड्या वेळाने या, आणि बसले.

मॅडम सांगत होत्या, दारात आलेल्या वाचकाचं हसतमुखाने स्वागत करा. तेवढ्यात कडी वाजली. हळूच. मी ओळखलं. पुन्हा वाजली, तशी म्हटलं, गेली खड्ड्यात ती हजेरी! उठले. पण आमचं दार ओल धरून फुगलेलं. दोन्ही हातांनी ओढून उघडेपर्यंत बाहेर कुणी नाही. आत येऊन बघते तर लाल पट्टी झळकतेय. तेलही गेलं, तूपही गेलं.

तास संपल्यावर शेजारचा शिंपी खुशीत येऊन म्हणाला, "बाई, वाडीच्या मावशी पुस्तक इसरल्या व्हत्या माझ्या टेबलावर. त्यांचे मालक गावले रस्त्यात, दिलं की त्यांच्याच हातात!" बाजाराला आलेली माणसं पिशव्या, छत्र्या, डबे याच्याच दुकानात ठेवतात, आणि कुणाची वस्तू विसरली तर हा घरपोच करतो. सगळ्या बाजाराला त्याचं कौतुक. दार बंद बघून तिनं पुस्तक तारीख वाढवायला माझ्यासाठीच ठेवलेलं, पण घाईत त्याला तसं बोलली नसणार. त्याला तरी काय बोलू? बिचाऱ्यानं शेजारधर्मच केला होता.

पुढच्या बाजाराला पुस्तक परत आलं ते तिच्या सुनेच्या हातून. हसू दाबत ती म्हणाली, "सासूबाईंचं नाव काढून टाका. आमच्याकडं लई हसलीत समदी. धाकला दीर तर त्यांना मास्तरीनबाईच म्हनतोय." मी म्हटलं, "अगं, यात हसण्यासारखं काय आहे?" तिला ते खरंच कळलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राहिलेले तास मी दार लावूनच पुरे केले. ज्या एकीसाठी उठायचं, ती आता येणारच नव्हती. प्रमाणपत्र आलं. कार्यवाहांनी चौकट करून भिंतीवर लावलं, पेढे वाटले. माझ्या वाटचा पेढा मी पेपरवाल्या आजोबांना देऊन टाकला.

नंतर एकदा ती मला बाजारातच भेटली, वांग्यांच्या ढिगापाशी. आधी तिनं तोंड फिरवलं. मग इकडंतिकडं बघून अगदी जवळ आली. मला वाटलं, रागावणार.

"बाई," ती कुजबुजली, "त्या पुस्तकातल्या थोरल्या लेकीचं पुढं काय झालं वो? गेली का ती परत नांदायला? माझं निम्मंच झालं व्हतं."

मी सांगायला लागले. ती वांगी चाचपल्यासारखं करत, मान खाली घालून, एकेक शब्द ऐकत होती. तेवढ्यात पिशवी सांभाळत तिचे मालक आले. तशी ती माझ्याकडे पाठ करून भाजीवालीला मोठ्यानं विचारू लागली, "कवळी हायेत का गं?"