रांगेतल्या चपला

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. सोळा वर्षांपासून डोणगावात दवाखाना चालवतोय. 'अंगात आलं' म्हणून कुणाला आणलं, तरी मी आधी साखर तपासतो. पण हे मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या दवाखान्यात नंबर चपलांनी लागतो. पेशंट पायरीवर ओळीत चपला ठेवतात आणि लिंबाखाली जाऊन बसतात. ओळ सांभाळायचं काम निर्मला सिस्टरचं.

बाजाराचा दिवस होता, दुपारचे बारा. सकाळीच एका पेशंटचे नातेवाईक माझ्यावर ओरडून गेले होते... डोकं तापलेलंच होतं. त्यात रामभाऊ काका आले. दर बाजाराला यांचं नवं दुखणं, आणि गोळ्या नकोत, सुईच हवी!

"साहेब, छातीत जळजळ होऊन राह्यली. एक सुई मारून द्या ना."

"काका, दर आठवड्याचंच आहे तुमचं! ॲसिडिटी आहे. गोळ्या घ्या अन् निघा."

नाडीसुद्धा पाहिली नाही. खोटं कशाला बोलू — मला ते समोर नको होते. काका उठले, पायरीवर चपला घातल्या आणि एसटी स्टँडकडे गेले. खिडकीतून मी पाहिलं.

दहा मिनिटांनी सिस्टर आत आल्या. "साहेब, रामभाऊंच्या चपला पुन्हा पहिल्या नंबरले हायेत."

"आले असतील सुईसाठी. बोलवा."

काका कुठेच नव्हते. मी चिडून बाहेर गेलो. टायरच्या चपला, डावीचा अंगठा निळ्या वायरने बांधलेला... त्यांच्याच. उचलून ओळीच्या शेवटी ठेवल्या. आत येऊन एकाचं बीपी घेतलं आणि दार उघडलं, तर चपला पहिल्या नंबरवर!

"कुणी सरकवल्या?"

"कोणीच नाही साहेब. मी तं इथून हाललीच नाही."

काकांची न पाहिलेली नाडी आठवली. गाडीला किक मारली आणि थेट स्टँड गाठलं.

काका बाकावर बसले होते. घामाने सदरा चिंब, डावा हात छातीशी धरलेला. आणि पायात... त्याच चपला. तीच निळी वायर.

"साहेब, तुम्ही काऊन आले?" एवढंच बोलले.

ऑटोत घालून आणलं, ईसीजी काढला. हार्ट अटॅक. गोळ्या देऊन ॲम्ब्युलन्सने बुलढाण्याला पाठवलं, आणि काका वाचले.

परत आलो तेव्हाच पाहिलं होतं — पायरीवरची पहिली जागा रिकामी होती. सिस्टर म्हणाल्या, "तुमची गाडी निघाली अन् पाहतो तं काहीच नाही."

काका अजूनही दर बाजाराला येतात, सुई मागतात. मी आधी तपासतो, मग चिडतो.

कुणी म्हणेल, माझंच मन मला टोचत होतं. मग सिस्टरना त्या चपला कशा दिसल्या? आणि खरं सांगू, भीती मला त्या चपलांची वाटतच नाही. सोळा वर्षांत रागाच्या भरात मी आणखी किती जणांना असंच घरी पाठवलं असेल... ज्यांच्या चपला परत आल्या नाहीत?