कॅमेऱ्यातला शेवटचा कागद

मला लिहायची सवय नाही, पण डॉक्टरबद्दल कोणीच लिहिलं नाही तर ते राहून जाईल. डॉक्टर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. शिलाई मशीन दुरुस्त करतो. चाळीस वर्षांत आपल्या हातून एकही पेशंट दगावला नाही, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो.

परगावी नोकरी करणारी त्याची मुलगी यंदा सुट्टीत आली ती त्याला भेट म्हणून झटपट फोटोचा कॅमेरा घेऊन. बटण दाबलं की कागद बाहेर येतो आणि हातातल्या हातात चित्र उमटतं. कागद दहाच. घरातल्यांचे फोटो काढा, भिंतीवर लावू, म्हणाली.

डॉक्टरने कॅमेरा उलटसुलट पाहिला आणि सरळ दुकानात नेला. मशीन उघडलं की आतल्या रचनेचा एक फोटो. खालच्या पांढऱ्या पट्टीवर मालक आणि तक्रार: "शाळेजवळच्या शिंपीणबाई. दोरा तुटतो." असे नऊ कागद गेले. जेवताना मुलगी आईला म्हणाली, मी मशीन म्हणून जन्माला आले असते तर बरं झालं असतं. बहिणीने ते लगेच नवऱ्याच्या कानावर घातलं.

निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन दुकानात निरोप घ्यायला आली. नेमका तेव्हाच एक गादीवाला जाड कापड शिवायचं जुनं मशीन ठेवून गेला. तसलं मशीन डॉक्टरने जन्मात उघडलं नव्हतं. त्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला.

"काढा बाबा," ती म्हणाली, "त्याला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे."

डॉक्टरने कॅमेरा उचलला आणि मशीनकडे पाठ फिरवली. नीट उभी राहा, खांदे सैल सोड, गंजल्यासारखी काय उभी आहेस, असं म्हणत त्याने तिचा फोटो काढला. दुकानातल्या माझ्या नेहमीच्या स्टुलावरून मी भीत भीत विचारलं, आता ते मशीन परत जोडणार कसं?

"दादा, चाळीस वर्षं काय फोटो बघून जोडत होतो?"

मग सवयीने त्याने पट्टीवर लिहिलं: "मालक: हिची आई. तक्रार: वर्षातून एकदाच येते." तिने ते वाचलं, पेन मागितलं आणि 'एकदाच' खोडून 'दोनदा' केलं.

गादीवाल्याचं मशीन संध्याकाळी सुरू झालं. एक स्क्रू उरला. तो जादाच होता, असं डॉक्टर ठामपणे सांगतो, आणि मशीन अजून चालतंय.